महिषासुराचा राजीनामा

घनश्याम गावंडे खोली पाहायला आला तेव्हा शोभाकाकूला तो गुंड वाटला होता. आणि मजा म्हणजे, गुंड वाटला म्हणूनच तिनं त्याला खोली दिली! आता हे सांगायला बसली की काकूला आधी हसूच आवरत नाही. पदर तोंडाला लावते, डोळे पुसते, "थांब गं बाई, थांब" म्हणते, अन मग कुठं गोष्ट सुरू होते.

चूक तिची एकटीची नाही म्हणा. गडी दारात उभा राहिला तर घरातला उजेडच गेला. खांदे असे की फाटकातून जरा तिरपं होऊन आत यावं लागलं. आणि मिशी! दोन्हीकडून वर वळवलेली, जाड, तेल लावून बसवलेली. त्याचा आवाज कसा आहे हे मात्र काकूला त्या दिवशी कळलंच नाही, कारण तिथं बोलत होती ती एकटी काकू. ती बोलायला लागली की समोरच्यानं मान हलवायची, दुसरं काम उरत नाही.

त्या वेळी यवतमाळातल्या त्यांच्या गल्लीत काकूचं समोरच्या वकिलांशी वाजलेलं होतं. वकीलसाहेब रोज आपली गाडी काकूच्या फाटकासमोर लावायचे. काकूचे यजमान मधुसूदनराव सरकारी कचेरीतून रिटायर झालेले, त्यांना सांगितलं की ते पेपर आणखी वर धरायचे. तेव्हा काकूनं मनात हिशोब केला, असा माणूस मागच्या खोलीत राहिला तर वकील काय, वकिलाचा बाप गाडी हलवेल.

सामान लागल्यावर आठवडाभरातच तिनं घनश्यामला हाक मारली. "जा बापा, जरा सांगून ये त्यांना. आवाज थोडा चढवला तरी चालेल."

घनश्याम गेला. काकू पडद्याच्या फटीतून पाहून राहिली, पण झाडाआड काही दिसेना. बऱ्याच वेळानं तो परत आला, बाह्या वर केलेल्या, घामानं भिजलेला. काकूचं काळीज असं खुशीनं उडालं! मारामारी झाली वाटते!

"काय म्हणाले रे?"

"काही नाही काकू. त्यायची गाडी सुरू होत नव्हती. ढकलून देल्ली."

"मग? गाडी हलली ना?"

"हो ना. गल्लीच्या टोकापर्यंत नेली. सुरू झाली, मग आणून पुन्हा तिथंच लावली."

त्याच्या पुढच्या आठवड्यात मागच्या खोलीतून धडाम आवाज आला. काकू धावत गेली तर हा पहाड पलंगावर उभा, हातात उशी, आणि भिंतीवर करंगळीएवढी पाल. काकूनं झाडूनं पाल हाकलली, त्याला खाली उतरवलं, आणि स्वयंपाकघरात येऊन मधुसूदनरावांना म्हणाली, "अहो, आपण सिंह समजून सशाला खोली दिली की!"

तर असा हा घनश्याम. मूळ बोरी अरबचा. वडील लवकर गेले, घरी आई इंदुताई. वावर चांगलं, कपाशी, सोयाबीन, मधेमधे तुरीच्या ओळी. पोटाला काही कमी नाही. कमी होती ती सुनेची. पाहुणे यायचे, पोहे खायचे, "पोरगा काय करते?" विचारायचे. "वावर पाह्यते" म्हटलं की चहा झटक्यात संपायचा आणि पुन्हा फोन यायचा नाही. त्याच्या बरोबरीची अर्धी पोरं गावात अशीच बसलेली. शेवटी इंदुताईनंच त्याला हाकललं. "जाय यवतमायले. कुठंबी चिटक. पण कुठंतरी चिटक."

तो चिटकला एका मोठ्या शोरूमला. फ्रीज, टीव्ही, कूलर, वॉशिंग मशीन. निळा शर्ट, गळ्यात ओळखपत्र, वरून मिशी. आणि काय सांगावं, दोन-तीन महिन्यांत दारव्ह्याहून स्थळ आलं! मुलगी निकिता, बीएस्सी झालेली, तिथल्याच एका रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला. तिच्या वडिलांनी शोरूमचं नाव ऐकलं आणि हो म्हटलं. तुळशीचं लग्न लागलं की साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, असं ठरलं. म्हणजे हिशोब सरळ होता. नोकरी होती म्हणून निकिता होती.

घनश्यामचा दुपारचा डबा काकू करून द्यायची. पोळा होऊन गेला आणि डबा भरलेला परत यायला लागला. एकदा आला. दुसऱ्यांदा आला. तिसऱ्यांदा पाटोडीचा रस्सा तसाच्या तसा, वर तेलाचा थर गोठलेला. आता काकूच्या पाटोडीसाठी माणसं नागपूरहून फोन करतात, असं काकू स्वतः सांगते.

"काहून रे? मीठ जास्त झालं होतं काय?"

"नाही काकू."

"तिखट?"

"नाही."

"मग माझ्या हाताला काय झालं?"

"भूक नव्हती."

एवढा देह आणि भूक नाही! काकूनं तोच रस्सा गरम करून मधुसूदनरावांसमोर ठेवला आणि समोर बसून राहिली. त्यांनी दोन वाट्या ओरपल्या. चवीत काही बिघाड नव्हता. मग बिघाड होता कुठं?

तो सांगितला सेवादासनं. सेवादास शोरूमचा टेम्पो चालवायचा. एक दिवस वकिलाकडे वॉशिंग मशीन पोचवायला आला, आणि काकूनं त्याला चहाच्या निमित्तानं असा धरला की बिचाऱ्याला दुसरा कप घेतल्याशिवाय उठताच आलं नाही. तो काकूला 'याडी' म्हणायचा, त्यांच्या बंजारा बोलीत आई.

"आमचा घनश्याम तिथं जेवत नाही काय रे?"

सेवादासनं बशीतला चहा फुंकला. "जेवंल कसा, याडी?"

मग त्यानं सांगितलं. मागच्या गोडाऊनमध्ये सगळी पोरं रिकाम्या खोक्यांवर गोल बसतात. डबे मधात. कोणाचा डबा कोणाचा नसतो, ज्याला जे आवडलं त्यानं त्यात हात घालायचा. त्यांच्यात तीच रीत. आणि मंदार म्हणून शोरूमचा मॅनेजर, मालक शेठच्या बहिणीचा पोरगा, घनश्यामला 'बुलडोझर' म्हणणारा. त्यानं एक दिवस घनश्यामच्या डब्याचं झाकण उघडलं, वास घेतला आणि म्हणाला, "हे बुलडोझरचं डिझल आहे. आपल्याला पचणार नाही. कोणी हात लावू नका."

"सगळे हसले," सेवादास म्हणाला. "तवापासून त्याच्या डब्यात कोणी हात घालत नाही. अन त्यानं दुसऱ्याच्या डब्यात हात घातला का तो डबा मांगं सरकते. काही दिवस बसला तसाच. मग झाकण लावून पाण्याच्या टाकीपाशी जाऊन उभा राहाले लागला."

"आणि तू?" काकूनं विचारलं. "तू तरी घालतो का हात?"

"नाही घालत, याडी. खोटं कायले बोलू? त्याच्या डब्यात हात घातला तं मंदारसाहेब माझ्या मांगं लागंल."

बाकीचंही निघालं. घनश्याम सेल्समन, पण जिन्यावरून फ्रीज चढवायचा असला की तोच. गिऱ्हाईक आलं की तास-तास समजावणार घनश्याम, आणि ते खिशात हात घालणार इतक्यात मंदार मधात शिरून विक्री आपल्या नावावर लावणार. माईकवरून सगळ्या शोरूममध्ये पुकारणार, "बुलडोझर, बुलडोझर, जिथं असाल तिथून कूलरपाशी या!" गिऱ्हाइकांनाही गंमत वाटायची. लहान पोरं तर खरंच बुलडोझर शोधायची.

आता खरं सांगायचं तर हे सगळं ऐकून काकूच्या मनात पहिल्यांदा काय आलं? म्हणजे पाटोडी चांगली झाली होती! मग लगेच स्वतःचीच लाज वाटली तिला, आणि सेवादासच्या बशीत आणखी एक बिस्किट ठेवून ती आत गेली.

संध्याकाळी घनश्यामला समोर बसवलं. तो मान खाली घालून नखं पाहत राहिला. मधुसूदनराव पेपरामागून म्हणाले, "नोकरीत हे असंच असते. मलाही एक साहेब होता. रोज आपली छत्री माझ्या टेबलावर टाकायचा, ओली. मी रोज झटकून कोपऱ्यात उभी करायचो."

"अन मग?" घनश्यामनं विचारलं.

"मग काय, त्याची बदली झाली. दुसरा आला. त्याचीही छत्री होती."

काकूनं नवऱ्याकडे असं पाहिलं की पेपर पुन्हा वर गेला. पण तीसुद्धा शेवटी तेच म्हणाली. "साक्षगंधापर्यंत कळ काढ बापा. आत्ता नोकरी सोडली तर दारव्ह्याचं स्थळ जाईल. एकदा अक्षता पडू दे, मग काय करायचं ते कर."

"हो काकू," तो म्हणाला. सगळ्यांनाच तो 'हो' म्हणायचा.

मग नवरात्र आलं. नवरात्रात यवतमाळ म्हणजे, पाहणाऱ्यालाच माहीत! चौकाचौकात दुर्गा, दिव्यांच्या कमानी, गावोगावची माणसं टेम्पो भरभरून येतात, रस्त्यावर पाय ठेवायला जागा नसते. काकू नवी हिरवी साडी नेसून मधुसूदनरावांना ओढत देव्या पाहत फिरत होती. फिरता फिरता घनश्यामच्या शोरूमपाशी आली तर तिथं ही गर्दी! दारात मोठा मंडप, आणि मंडपात चौरंगावर महिषासुर. पुतळा नाही, जिताजागता. डोक्याला शिंगं, अंगाला काळा रंग, डोळ्याभोवती लाल. समोर लहान पोरांची रांग. एकेकाच्या हातात प्लास्टिकचा त्रिशूळ देत होते, पोरगं जाऊन त्याच्या पोटात खुपसायचं, महिषासुर "मेलो, मेलो" करून खाली पडायचा, आणि माईकवरून आवाज यायचा, "राक्षस मारा आणि मिक्सरवर सूट मिळवा! जोरात मारा, याला लागत नाही! याला काहीच लागत नाही!"

काकू हसली. का नाही हसणार? एका फ्रॉकवाल्या पोरीनं त्रिशूळ पोटाऐवजी नाकावर मारला तेव्हा तर काकूला खोकला लागला. नीट दिसावं म्हणून ती गर्दीतून पुढं घुसली.

महिषासुर तेव्हा नुकताच मेलेला होता, जमिनीवर आडवा. तिथूनच हळू आवाजात तो म्हणाला, "काकू, जपून. पायाखाली वायर हाय."

काकूचं पाऊल तिथंच थांबलं. खाली पाहिलं तर खरंच वायर. मग त्याच्या चेहऱ्याकडं पाहिलं. काळ्या रंगात मिशी तेवढी ओळखीची. तो तिच्याकडं पाहत नव्हता, त्या वायरकडंच पाहत होता.

"उठ रे बुलडोझर, पुढचं गिऱ्हाईक!" माईक ओरडला. महिषासुर उठला आणि पोट पुढं करून उभा राहिला.

घरी येताना काकू वाटेतल्या एकाही देवीपाशी थांबली नाही. मधुसूदनरावांना वाटलं, बायकोची तब्येत बिघडली.

सकाळी चहा घेऊन ती मागच्या खोलीत गेली. घनश्यामच्या कानामागं काळा रंग तसाच राहिला होता.

"कोणी बनवलं तुला राक्षस?"

"मंदारसरनं. म्हणे मिशी ओरिजनल हाय, खर्च वाचते."

"तुला नाही म्हणता येत नाही?"

"म्हटलं काकू. तं म्हणे, मंग उद्यापासून येऊ नोको. त्याचा व्हिडिओबी काढला. मोबाइलवर सगळीकडं गेला. आमच्या बोरीतबी पाह्यला लोकायनं."

काकूचा आवाज चढला. "शेठकडे जा! आज जा! मालक आहे तो, त्याला माहीत नसेल भाचा काय करून राहिला ते."

घनश्याम त्याच दिवशी शेठच्या केबिनमध्ये गेला. संध्याकाळी आला तो ओट्यावरच बसला, बूट न काढता. काकू मोडा ओढून समोर बसली.

"काय म्हणाला शेठ?"

"हसला."

"हसला?"

"म्हणे, मंदार पोरासारखा हाय, मजाक करते. आपलं शोरूम म्हणजे एक कुटुंब. कुटुंबात एवढं चालते." घनश्याम बुटाची नाडी सोडत होता, पुन्हा बांधत होता. "मंग माह्याकडं वरून खालून पाह्यलं अन म्हणे, तू एवढा धिप्पाड गडी, तुले कोण छळंल रे? बाहेर कोणाले सांगू नोको, लोक हसतीन."

"मेल्याला..." काकू सुरू होणार होती.

"खरं हाय ना काकू ते," तो तिला थांबवून म्हणाला. राग नव्हता आवाजात, काही नव्हतं. "हसतेच सगळे. तुमीबी हसल्याच ना काल."

मधुसूदनरावांनी पेपर खाली ठेवून दोघांकडं पाहिलं, आणि आत जाऊन पाण्याचा तांब्या आणला. आधी काकूला दिला, मग घनश्यामला.

"सोड ती नोकरी," काकू पाणी पिऊन म्हणाली.

"अन दारव्हा?"

घनश्यामनं बूट काढले, उचलले आणि उठला. "मी पाह्यतो काकू. सोडीन तं माह्या मनानं सोडीन. तुमी म्हटलं म्हणून नाही."

त्या रात्री काकूनं यजमानांना सांगितलं, पोरगा आपल्याला उलट बोलला. आणि असं सांगताना ती का खूश होती, हे मधुसूदनरावांना काही समजलं नाही.

दसऱ्याच्या दिवशी काकूला अचानक मिक्सर घ्यायची बुद्धी झाली. घरातला मिक्सर चांगला चालत होता. पण मुहूर्ताची खरेदी म्हणून ती मधुसूदनरावांना घेऊन थेट त्या शोरूममध्ये पोचली. मनात भाषण तयार होतं. शेठला काय बोलायचं, मंदारला काय, कुठं थांबायचं, कुठं डोळ्यात पाणी आणायचं, सगळं वाटभर मधुसूदनरावांवर घोकून झालं होतं.

शोरूममध्ये पूजा नुकतीच आटोपली होती. फ्रीजला, टीव्हीला, टेम्पोला झेंडूचे हार. सगळे नोकर शेठला आपट्याची पानं द्यायला रांगेत उभे. दसऱ्याचं सोनं म्हणजे ते सगळ्यांनाच द्यायचं, ज्याच्याशी बोलणं बंद आहे त्यालाही. शेठ गादीवर बसलेला, मंदार त्याच्या बाजूला मोबाइलवर फोटो काढत. काकू एका मिक्सरच्या खोक्याआड सरकली.

घनश्यामची पाळी आली. त्यानं शेठच्या हातात पानं ठेवली, वाकून पाया पडला. मंदारच्या हातात पानं ठेवली. त्याच्याही पाया पडणार की काय, म्हणून काकूनं डोळेच मिटले. उघडले तेव्हा घनश्याम सरळ उभा होता आणि गळ्यातलं ओळखपत्र काढत होता. ते त्यानं शेठसमोरच्या पानांच्या ढिगावर ठेवलं, सोबत घडी केलेला कागद.

"हे काय रे?" शेठनं विचारलं.

"राजीनामा हाय शेठ. उद्यापासून मी येत नाही."

"आज सणाच्या दिवशी असं बोलतात? बस, चहा घे. कोणी काही बोललं काय?"

"मागं तुमाले सांगितलं होतं कोण काय बोलते ते. तुमी हसले होते."

मंदारनं मोबाइल खाली घेतला. "अरे बापरे! राक्षसाला राग आला! मामा, राक्षसाला मजाक समजत नाही!"

दोन-तीन पोरं सवयीनं हसली. घनश्याम त्यांचं हसणं संपेपर्यंत थांबला. मग त्याच आवाजात, ज्या आवाजात तो काकूला 'मीठ बरोबर हाय' म्हणायचा, मंदारला म्हणाला, "मजाक असंल तं बरंच हाय सर. पुढच्या वर्षी तुमी राक्षस व्हा. पोरायले म्हणा, जोरात मारा, याले लागत नाही."

कोणी हसलं नाही. मग टेम्पोच्या दाराशी उभा असलेला सेवादास एकदम खी खी करून हसला, आणि त्यानं तोंडावर हात ठेवला तरी हसू थांबेना. शेठ कागद उघडून वाचायला लागला. मंदार काही बोलणार होता, पण त्याच्या हातात आपट्याची पानं होती, ती खिशात ठेवावी की खाली, हे त्याला ठरवता येईना.

घनश्याम वळला तर समोर मिक्सरच्या खोक्याआडून हिरवी साडी. "काकू? तुमी इथं?"

"मिक्सर पाहून राहिली," काकू म्हणाली. एवढं मोठं भाषण सगळं वाया गेलं होतं.

"घ्या नोको इथं. महाग देते." आणि तिच्या हातातलं खोकं घेऊन त्यानं जागेवर ठेवून दिलं.

आता राहिलं दारव्हा. काकूला वाटलं होतं आपण फोन करू, निकिताच्या वडिलांना गोड बोलून सांगू, जरा वळसा घेऊन, दुसरीकडं मोठ्या जागी बोलणी सुरू आहेत वगैरे. पण घनश्यामनं घरी येऊन हातपाय धुतले आणि स्वतःच फोन लावला. काकू दाराशी कान लावून.

"नमस्कार. दसऱ्याच्या शुभेच्छा... हो. एक सांगाचं होतं. मी नोकरी सोडली. आजच... नाही, काढलं नाही. मीच सोडली... दुसरी अजून नाही. सध्या गावी जातो, वेचणी सुरू होते... बरं. बरं." आणि फोन ठेवला.

"काय म्हणाले?"

"कळवतो म्हणे."

'कळवतो' म्हणजे काय, ते गावातल्या सगळ्या लग्नाळू पोरांना पाठ असते. घनश्याम बोरीला गेला. काकूला मागची खोली रिकामी रिकामी वाटायला लागली, पाल बिनधास्त भिंतीवर फिरायची. काकू रोज इंदुताईला फोन करायची. पोरगं वावरात जाते, कापूस वेचते, जेवते. जेवते हे ऐकून काकूला बरं वाटायचं. दारव्ह्याहून काही नाही.

दिवाळीच्या आधी एका सकाळी काकूचा फोन वाजला. नंबर अनोळखी.

"काकू, मी निकिता बोलते. दारव्ह्याहून. तुमचा नंबर त्यांच्या आईनं दिला."

काकू उभी होती ती बसली. "बोल गं पोरी."

"एकच विचारायचं होतं. ते खरंच स्वतः सोडून आले, की त्यांना काढलं? बाबांना शंका आहे. तुम्ही तिथं होत्या म्हणे."

काकूनं मग सगळं सांगितलं. पानं, ओळखपत्र, राक्षस. थोडं आपल्या पदरचं घातलं असेल, पण फार नाही.

"ऐकते आहेस ना?"

"ऐकते काकू. तो राक्षसाचा व्हिडिओ मी तेव्हाच पाहिला होता. आमच्या लॅबमध्ये सगळ्यांनी पाहिला. मी मोबाइल उलटा ठेवला. आईला म्हटलं होतं मी, जो माणूस हे रोज सोसतो तो उद्या माझ्यासाठी कोणासमोर उभा राहील? नाही म्हणायचंच ठरलं होतं माझं. मग बाबा म्हणाले, त्यानं नोकरी सोडली, आता स्थळ मोडू." पोरगी हसली. "म्हणजे आमचं बापलेकीचं एकदम उलटं झालं ना!"

"मग आता?"

"आता बाबांना मी पाहते. पगार तर माझाही आहे."

बाबांना तिनं कसं पाहिलं ते काकूला कळलं नाही, पण पाहिलं. दिवाळीनंतर घनश्याम दारव्ह्यातच एका मोटारपंपाच्या दुकानात लागला. दुकान लहान, मालक म्हातारा, निळा शर्ट नाही. पगारही कमी. दुपारी मालक आणि तो एकाच डब्यातून खातात. साक्षगंध ठरल्या वेळीच करायचं ठरलं.

त्या दिवशी काकूला न्यायला घनश्याम स्वतः यवतमाळला आला. मधुसूदनरावांना सर्दी, म्हणून काकू एकटी. दुपारची दारव्ह्याची एसटी लागली, काकू अर्ध्या तिकिटाच्या थाटात आधी चढली आणि डाव्या बाजूच्या खिडकीत जाऊन बसली.

"काकू, तिथं नोको. इकडं उजव्या बाजूले बसा. तिथं ऊन लागंल."

"काही लागत नाही. माझी नणंद दारव्ह्याला आहे. आयुष्य गेलं या रस्त्यावर. नेहमी डाव्या बाजूला बसते, कधी ऊन लागलं नाही."

"ते येतानी, काकू."

"येताना काय अन जाताना काय! रस्ता तोच, गाडी तीच."

"पण तोंड उलटं हाय ना गाडीचं! येतानी सावली डावीकडं, तं जातानी उजवीकडं येईन का नाही?"

"मोठ्या माणसाशी वाद घालते का रे?"

"घालून राह्यलो," घनश्याम म्हणाला आणि पलीकडच्या रांगेत उजव्या खिडकीत जाऊन बसला. मागच्या सीटवरचा म्हातारा खुदकन हसला.

गाडी निघाली. शहर मागं पडलं, कपाशीची वावरं सुरू झाली, आणि ऊन जे काकूच्या मांडीवर येऊन बसलं ते उठेचना. काकूनं पदर डोक्यावर घेतला. मग पिशवी खिडकीला लावली. मग रुमाल. घनश्याम सावलीत बसून शेंगा फोडत होता, एकदाही वळून पाहिलं नाही त्यानं. नुसती मिशी हलत होती.

"कंडक्टर भाऊ," काकू म्हणाली, "ही गाडी आज वेगळ्या रस्त्यानं चालली काय?"

"नाही मावशी, रोजचाच रस्ता हाय."

आता अख्खी बस हसली. काकूनं रुमाल घडी करून पिशवीत टाकला. मग पिशवी उचलली, साडी सावरली आणि दांडा धरत पलीकडं आली.

"सरक," ती घनश्यामला म्हणाली.

"कायले? तिकडं तं सावली हाय ना?"

"सरक म्हटलं ना! जिंकला बापा तू. दे इकडं शेंगा."